तोलेदोत गाडी बिघडली नव्हती

विनू,

तुला जाऊन सात आठवडे झाले. त्यातले पहिले पाच मी तुझ्यासाठी रडले. गेले दोन आठवडे तुझ्याशी भांडतेय, आणि तू उत्तर द्यायला नाहीस.

लोकांनी तुझ्याबद्दल फार चांगलं लिहिलंय. तुझ्या ऑफिसातल्या मुलांनी एक वही आणून दिली, प्रत्येकाने त्यात चार ओळी लिहिल्यात. दसऱ्याच्या कार्यक्रमाआधी आपल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींनी उभं राहून शांतता पाळली, आणि मग कुणीतरी माईकवर म्हणालं, "विनायकच्या मनात काही राहायचं नाही. सगळं बोलून मोकळा व्हायचा." मी पहिल्या रांगेत बसले होते, आपल्या लेकीचा, मुक्ताचा हात धरून. मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी यान आला. यान म्हणजे तुझी मोटरसायकल बघायला एर्सेलहून आलेला माणूस. पन्नाशीचा, शांत, बोटांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. तुझी निळी गाडी मागच्या शेडमध्ये तशीच उभी होती. त्याने ती बाहेर काढली, सुरू केली, डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकला. मग मला क्लचबद्दल विचारलं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये अगदी अभिमानाने सांगितलं की क्लच ऑगस्टमध्येच नवा बसवलाय, स्पेनमध्ये, तोलेदोत. चार दिवस थांबलो होतो त्यासाठी.

यान गुडघ्यावर बसला. इंजिनच्या एका बाजूच्या झाकणाकडे बोट दाखवून म्हणाला, "मेफ्राव, क्लच याच्या आत असतो, आणि हे झाकण कधी उघडलेलंच नाहीये. हे स्क्रू बघा. कारखान्यातून निघाले तसे आहेत."

मी म्हटलं, "नाही, माझ्या नवऱ्याने बदलून घेतलाय. मी तिथे होते."

तो हसला. चांगल्या मनाने हसला. त्याला वाटलं, बाई गाडी विकायची म्हणून जरा वाढवून सांगतेय. विनू, त्या माणसासमोर खोटारडी मी ठरले. पावती दाखवते म्हणून मी आत गेले. आपण टाकीवर बांधायचो ती काळी बॅग माळ्यावरून काढली, तिचा नकाशांचा कप्पा उघडला. पावती नव्हती. नकाशांच्या मागे दोन कागद घडी करून ठेवलेले होते. एक डच, एक स्पॅनिश.

त्या कागदांवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्यांच्याकडे येण्याआधी मला ती ट्रिप एकदा माझ्या बाजूने सांगू दे, ती जशी घडली असं मला वाटत होतं तशी.

दोन वर्षं तू माझ्या मागे लागला होतास. फेल्डहोवनच्या आपल्या घरापासून स्पेनमधल्या ग्रॅनडापर्यंत, मोटरसायकलवर, फक्त आपण दोघं. मला मागच्या सीटची भीती वाटायची. मी म्हणायचे, गाडी म्हणजे चार चाकं, वर छप्पर, हातात चहा. तू मला रविवारी बेल्जियमच्या हद्दीपर्यंत नेऊन आणायचास, मग थोडं लांब, मग अजून थोडं. वळणावर अंग कसं सोडून द्यायचं ते शिकवलंस. "तू रस्त्याकडे बघू नकोस, माझ्या खांद्यावरून पुढे बघ," म्हणायचास. शेवटी मी हो म्हटलं. कारण मला ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा बघायचा होता. शाळेत इतिहासाच्या बाईंनी एकदा त्या राजवाड्याचं चित्र दाखवलं होतं, पाण्याच्या हौदात उलटं दिसणारं. तेवढ्यासाठी मी हो म्हटलं.

जूनमध्ये तू एकदा हाउसआर्ट्सकडे जाऊन आलास. आपल्या त्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे. मी भाजी चिरत होते. "काय म्हणाल्या?" असं विचारलं. तू फ्रीज उघडून आत बघत म्हणालास, "काही नाही गं. हिमोग्लोबिन जरा कमी आहे. पालक खा म्हणाल्या." मी तुला दोन महिने पालक खाऊ घातला, विनू. सासूबाई जुलैत मिरजेहून आल्या, मुक्ताला सांभाळायला. त्यांनाही सांगितलं, ह्याला पालक द्या.

आपण निघालो तेव्हा मुक्ता फाटकापाशी उभी होती. बेल्जियम, फ्रान्स, बोर्दो, मग डोंगर आणि स्पेन. पाचव्या दिवशी माद्रिद मागे टाकून आपण तोलेदोकडे निघालो. ऊन असं की हेल्मेटच्या आत केस भिजलेले. शहर लांबून दिसायला लागलं होतं, टेकडीवर, मातकट रंगाचं. तेवढ्यात तू गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीस. हळूहळू नाही, एकदम. उतरलास, चार पावलं चाललास आणि वाळलेल्या गवतात डोकं गुडघ्यांत घालून बसलास.

"काय झालं रे?"

"ऊन लागलं. पाणी दे."

मी पाण्यात साखर-मीठ घालून दिलं. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी रुमाल भिजवून मानेवर ठेवला. वीस मिनिटांनी उठलास, हसलास, म्हणालास, "चल, तोलेदोत थंड बीअर मिळेल." मी पुन्हा तुझ्या मागे बसले. एक शब्द न विचारता बसले.

एक दिवस राहून पुढे जायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पेट्रोल भरून येतो म्हणून गेलास, आणि दोन तासांनी चालत परत आलास. घामाघूम. "क्लच गेला," म्हणालास. "खाली बसस्टँडजवळ एक गॅरेज आहे. म्हातारा चांगला आहे. पण पार्ट माद्रिदहून यायचाय. दोन-तीन दिवस लागतील."

मी चिडले. ग्रॅनडाचं हॉटेल सांगून ठेवलं होतं. पण मग आपण बाहेर पडलो, आणि माझा राग पार विरघळून गेला. ते शहरच तसं होतं. तिन्ही बाजूंनी नदी, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर या घरापासून त्या घरापर्यंत कापड ताणलेलं, सावलीसाठी. दुकानांच्या काचांमागे तलवारी टांगलेल्या, आणि शेजारच्याच दुकानात बदामाच्या मिठाईचे छोटे छोटे मासे. खालून वर शहरात यायला डोंगराच्या पोटातून सरकते जिने होते. तू चालत वर यायला तयारच व्हायचा नाहीस. मी चिडवलं, "म्हातारा झालास." तू म्हणालास, "त्यांनी एवढे जिने बांधलेत, त्यांचा मान नको ठेवायला?"

आणि तू हळू चालत होतास. मला आधी ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं! पुण्यात, मुंबईत, इथे, सगळीकडे तू माझ्या दहा पावलं पुढे. तुळशीबागेत लग्नाची खरेदी करतानासुद्धा मी तुझ्या पाठीकडे बघत चालत होते. तोलेदोत पहिल्यांदा तू माझ्या मागे होतास. मी दुकानासमोर थांबले की तू पायरीवर बसायचास. मी बघून झाल्यावर वळायचे, तर तू माझ्याकडेच बघत असायचास. मला वाटलं, बारा वर्षांनी का होईना, नवऱ्याला बायकोबरोबर चालायला जमलं.

ते पांढरं प्रार्थनाघर आठवतं? आधी ज्यूंचं, नंतर चर्च झालेलं, आणि कमानी मात्र थेट मशिदीसारख्या. रांगेने पांढरे खांब. आत गार होतं. तू एका कोपऱ्यातल्या बाकावर बसलास आणि तासभर उठला नाहीस. मी पुस्तकातून तुला माहिती वाचून दाखवत होते. तू डोळे मिटून ऐकत होतास. मध्येच म्हणालास, "नीला, तू वाचत राहा. बरं वाटतं." मी तेच पान दोनदा वाचलं. तू ओळखलंस, आणि डोळे न उघडताच हसलास.

मला तेव्हा वाटलं, हे आपलं सुख आहे.

तिसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं. नदीवरच्या कठड्यापाशी, दुपारी जेवल्यावर. मी बसचं वेळापत्रक आणलं होतं. "गाडी राहू दे इथेच. बसने ग्रॅनडाला जाऊ, अल्हाम्ब्रा बघू, परत येऊ. तोवर पार्ट येईल."

तू म्हणालास, "एवढ्या उन्हात पाच तास बस? नको."

"बसला एसी असतो."

"म्हाताऱ्याचा कधीही फोन येईल."

"येऊ दे की. गाडी पळून जाणार आहे का?"

"पुढच्या वर्षी जाऊ ना, नीला. नक्की."

"तुझी पुढची वर्षं मला माहीत आहेत!" मी म्हटलं. आणि मग ते वाक्य बोलले. "तुला माझ्यापेक्षा त्या गाडीची काळजी जास्त आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "असं नाहीये गं." बस, एवढंच. मी वेळापत्रक फाडून टाकलं.

तू गेल्यावर पाच आठवडे मी रोज तुझ्या फोटोसमोर त्या वाक्याची माफी मागितली. जेवायला बसताना, मुक्ताची वेणी घालताना, सायकलचं कुलूप लावताना, मनात तेच. अरे, शेवटच्या ट्रिपमध्ये मी असं काय बोलून बसले! ती माफी मला परत हवीय.

तोलेदोतल्या पाचव्या दिवशी सकाळी गाडी "तयार" झाली. गॅरेजमधला म्हातारा मला अजून स्पष्ट दिसतो. पांढऱ्या मिशा, अंगात निळा डगला. तो किल्ली तुझ्या हातात देईना. तुझ्याशी कितीतरी वेळ बोलला, मध्येच माझ्याकडे बोट दाखवलं, आवाज चढवला. तू हसत हसत उत्तरं देत होतास. तू वर्षभर संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गाला गेला होतास, मला तर 'ओला', म्हणजे नमस्कार, एवढं सोडून काही येत नव्हतं. त्या देशात माझा दुभाषा तूच होतास.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, बायकोला घेऊन उन्हात जाऊ नका."

म्हाताऱ्याने शेवटी किल्ली टेबलावर ठेवली, हातात नाही. माझ्याजवळ आला, माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलला आणि छातीवर क्रूस काढला. मी त्याला हसून नमस्कार केला. मला वाटलं, किती प्रेमळ माणूस! तो मला काय सांगत होता, विनू? मला गाडीवर बसू नकोस असं सांगत होता का? आता हे मी कुणाला विचारू?

ग्रॅनडा राहिलंच. तोलेदोतूनच मागे फिरलो. परतीच्या पाच दिवसांत तू दर तासाला थांबत होतास. सावकाश चालवत होतास, ट्रक आपल्याला मागे टाकत होते. मी त्याचाही अर्थ प्रेम असाच लावला. फ्रान्समध्ये मोठ्या रस्त्यावर तू मध्येच ओरडून म्हणायचास, "घट्ट धर." मी घट्ट धरायचे. तुला पाठीला माझा आधार वाटत असेल, असं मनात यायचं. घरी पोचलो तेव्हा मुक्ता धावत आली आणि तू तिला उचललंस, आणि लगेच खाली ठेवलंस. "जड झालीस गं," म्हणालास.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी तू सायकलवर ऑफिसला निघालास. शेतांच्या मधल्या सायकलच्या वाटेवर कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला तू सापडलास. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा संपलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, "त्यांना आधी काही त्रास होता का?" मी म्हटलं, "नाही. कधीच नाही. हिमोग्लोबिन कमी होतं फक्त." त्याने समोरच्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मला वाटलं, नवीन आहे, बिचाऱ्याला बोलता येत नाहीये. त्याच्या लक्षात आलं होतं, विनू. या बाईला काही माहीत नाही, हे त्या परक्या मुलाला एका मिनिटात कळलं.

आता ते कागद. यानला मी म्हटलं, उद्या या. तो गेला आणि मी माळ्याच्या शिडीवरच बसून डच कागद वाचला. डिक्शनरी घेऊन, शब्द न् शब्द. जूनमधला होता. ऑफिसच्या जिन्यात तू बेशुद्ध पडला होतास. हृदयाचे ठोके मध्येच बिघडतात. तपासणीसाठी ऑगस्टमध्ये दाखल व्हायचं, बहुधा छातीत एक यंत्र बसवावं लागेल. तोपर्यंत कुठलंही वाहन चालवू नये. आणि शेवटी एक ओळ: रुग्णाच्या विनंतीवरून दाखल होण्याची तारीख ऑक्टोबरमध्ये नेली आहे.

ऑगस्टची ऑक्टोबर. मधला सप्टेंबर तू धरलाच नाहीस.

स्पॅनिश कागद तोलेदोच्या सरकारी दवाखान्यातला. तारीख आपल्या तिथल्या दुसऱ्या दिवसाची. तू पेट्रोल भरायला गेला होतास त्या सकाळची.

मी दिलीपला फोन केला. "तुला माहीत होतं?" एवढंच विचारलं. पलीकडे त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मी येतो, वहिनी." शनिवारी डीमनहून ट्रेनने आला. तुझा कॉलेजपासूनचा मित्र, आपल्या लग्नात तुझ्या शेजारी उभा असलेला. स्वयंपाकघरात बसला. मी चहा समोर ठेवला, तो कप नुसता फिरवत राहिला.

"कधीपासून माहीत होतं?"

"जूनपासून."

"आणि तोलेदो?"

"तिथून फोन केला होता त्याने. बूथवरून. रडत होता. रस्त्यावर गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कशीबशी कडेला घेतली म्हणाला. तिथला डॉक्टर, गॅरेजवाला, सगळे सांगत होते गाडी चालवू नको. मीही म्हटलं, गाडी तिथेच टाक आणि दोघं विमानाने या."

"मग?"

दिलीप माझ्याकडे बघत नव्हता. "म्हणाला, मग नीलाला सांगावं लागेल."

"म्हणजे माझ्यासकट मेलेलं चाललं असतं, पण मला सांगणं नाही?"

"चार दिवस थांबून बघतो म्हणाला. परत चक्कर नाही आली तर निघतो. वहिनी, मी खूप समजावलं..."

"मला का नाही सांगितलंस? माझा नंबर होता ना तुझ्याकडे?"

"त्याने मुक्ताची शपथ घातली होती."

मुक्ताची शपथ! जिची आई तुझ्या मागच्या सीटवर बसणार होती, तिची. फ्रान्सच्या त्या रस्त्यावर तुझ्या डोळ्यांपुढे पुन्हा अंधारी आली असती, तर मुक्ताला आई आणि बाप एका दमात गेले असते, आणि सासूबाईंना भाषा न येणाऱ्या देशात फाटकापाशी उभं राहून ते ऐकावं लागलं असतं. हे तुला कळत होतं. तू मूर्ख नव्हतास. ज्या कारखान्यात केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक चालत नाही तिथे तू काम करत होतास. तरी तू मला म्हणालास, घट्ट धर.

दिलीपला मी घालवून दिलं नाही. चहा पिऊ दिला. तो जाताना दारात म्हणाला, "वहिनी, तुम्हाला ती ट्रिप हवी होती म्हणून त्याने..." मी दार लावून घेतलं. माझ्या डोक्यावर हे ठेवू नका. मला अल्हाम्ब्रा हवा होता, खरंय. पण मला विचारलं असतंस तर मी तो राजवाडा नदीत बुडवला असता आणि ऑगस्टमध्ये तुझ्या खाटेशेजारी बसले असते. कदाचित तू आज असतास. कदाचित नसतास. पण ते 'कदाचित' आपलं दोघांचं असतं. तू ते एकट्याने वापरून टाकलंस.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? तुझ्या मरणाचाही नाही. त्या चार दिवसांचा. तू गेल्यावर मला तेवढाच आधार होता. मुक्ता शाळेत गेली की मी कॉम्प्युटरवर तोलेदोचे फोटो उघडायचे. ती गल्ली, ते बदामाचे मासे, तो पांढरा खांब आणि त्याला टेकून बसलेला तू. मी मनाशी म्हणायचे, निदान हे चार दिवस आपले होते. आता तेच फोटो उघडले की मला वेगळा माणूस दिसतो. पायरीवर बसलेला तो माझ्यासाठी थांबलेला नाही, त्याला दम लागलाय. डोळे मिटून माझं वाचणं ऐकणारा तो छातीतले ठोके मोजतोय. सगळ्या तोलेदोला माहीत होतं, डॉक्टरला, गॅरेजवाल्याला, फोनच्या पलीकडे दिलीपला. त्या शहरात एकटी मी सुखात होते, कारण मला काही सांगितलं नव्हतं.

आणि तरी, विनू, मी खोटं बोलणार नाही. तू मला वाचत राहा म्हणालास ते खोटं नव्हतं, हे मला कळतं. तुझा आवाज मी बारा वर्षं ऐकलाय. "बरं वाटतं" म्हणताना तुझ्या आवाजात नाटक नव्हतं. मला मागच्या सीटवर बसायला शिकवणाराही तूच होतास. तुझ्यामुळे मी अर्धा युरोप वाऱ्यावरून बघितला, नाहीतर मी आयुष्यभर छपराखालीच बसले असते. पुढे चालणारा तू, चार दिवस माझ्या मागे चाललास. कारण काहीही असो, माझ्याकडे बघत चाललास. हे मला तुझ्याकडून मिळालंय आणि मला ते टाकताही येत नाही, ठेवताही येत नाही. रागावलेली असताना मध्येच तुझी इतकी आठवण येते की मी राग विसरते, आणि मग राग विसरले म्हणून स्वतःवर चिडते.

यान मात्र कागद सापडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. मी त्याला सांगितलं, "तुमचं बरोबर होतं. क्लच बदललेला नाही. मला तसं सांगण्यात आलं होतं." त्याने पैसे मोजून दिले. हेल्मेट घातलं आणि गाडी घेऊन गेला. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत राहिले नाही.

काल दुपारी मुक्ता शाळेतून आली. बुधवार, म्हणजे अर्ध्या दिवसाची शाळा. नऊ वर्षांची आहे, पण तू गेल्यापासून घरात पाय न वाजवता चालते. मी पावासाठी चीज कापत होते. ती टेबलाशी बसली आणि डचमध्ये म्हणाली, "मम्मा, बाबाला माहीत होतं का?"

"काय माहीत होतं?"

"तो आजारी आहे ते. तू दिलीपकाकाला ओरडत होतीस. मी जिन्यात होते."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही गं राणी, कुणालाच माहीत नव्हतं, असं अचानकच होतं. किती सहज आलं ते! आवाजसुद्धा गोड झाला असता. तिचा बाबा होता तसा राहिला असता, तिला झोप लागली असती, आणि मला ती पुढचं काही न विचारता मिठी मारून गेली असती. हेच तुला फ्रीजसमोर उभं राहून वाटलं असेल. पालक खा म्हणाल्या.

मी सुरी खाली ठेवली. तिच्यासमोर बसले. म्हटलं, "हो. माहीत होतं. त्याने आपल्याला सांगितलं नाही."

"का?"

"मला माहीत नाही, मुक्ता. मला त्याचा खूप राग आलाय."

ती टेबलाच्या लाकडावरची रेष बोटाने गिरवत राहिली. मग डचमध्येच म्हणाली, "मग तो घाबरला असेल."

दोन आठवडे मी तुला काय काय म्हटलं होतं. खोटारडा, स्वार्थी, अहंकारी. हा शब्द माझ्या मनात आला नव्हता. बूथवरून फोन करून रडणारा माणूस घाबरलेला असतो, हे तुझ्या मुलीला जिन्यात बसून कळलं. मी तुला माफ केलेलं नाही, विनू. करीन का, माहीत नाही. पण तो शब्द खरा आहे, आणि तो मला तुझ्या तोंडून ऐकायचा होता.

"मम्मा," ती या वेळी मराठीत म्हणाली, तिच्या त्या अडखळत्या, अर्ध्या मराठीत, "तुला काही झालं, तर मला सांगशील?"

"सांगीन."

"लगेच?"

"त्याच दिवशी."

"मी लहान आहे म्हणून नाही सांगणार असं नको."

"लहान असलीस तरी सांगीन."

तिने थोडा विचार केला, मान हलवली आणि पाव जवळ ओढून खायला लागली. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मग मला रडू फुटलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा तिच्यासमोर. ती खाता खाता थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड वळवलं नाही.